शंभर टक्के निकाल

मंडळी, मागे हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले होते. (आपण जिवंत आहोत हे दरवर्षी सिद्ध करावं लागतं, पेन्शनर मंडळींना हे वेगळं सांगायला नको.) येताना रिक्षा तीन हात नाक्याच्या सिग्नलला अडकली. अडकतेच. समोर दोन फलक अगदी शेजारी शेजारी लावलेले. एक क्लासचा होता. दहावीच्या मुलामुलींचे फोटो, फोटोखाली टक्के आणि वर ठळक अक्षरांत ‘शंभर टक्के निकाल’. दुसरा एका वंध्यत्व उपचार केंद्राचा. त्यावर गुबगुबीत, गोरंपान बाळ आणि बाळाच्या डोक्यावर ‘यशाचा सर्वाधिक दर’. सिग्नल सुटेपर्यंत मी दोन्ही फलकांकडे आळीपाळीने बघत होते. घरी आले तरी ते डोक्यातून जाईनात. म्हटलं, लिहूनच टाकावं.

पस्तीस वर्षं मास्तरकी केली. शंभर टक्के निकाल कसा लागतो ते मला कोणी समजावून सांगायला नको. नववीच्या शेवटी ‘कच्च्या’ मुलांच्या पालकांना शाळेत बोलावून घ्यायचं. ‘याला दहावी झेपणार नाही, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा’ असं गोड शब्दांत सांगायचं. मुलगा बाहेरून बसला की तो शाळेच्या पटावर नाही. पटावर नाही म्हणजे निकालात नाही. उरलेले चाळीस बसले, चाळीस पास झाले. शंभर टक्के! यात खोटं काहीच नाही. अंश खरा, छेदही खरा. फक्त छेदातून कोण गळलं ते फलकावर लिहीत नाहीत. मी ज्या शाळेत होते तिथेही एक-दोन वर्षं हे झालं, आणि त्या पालकांशी बोलायला मलाच बसवलं होतं. त्यातला एक मुलगा पुढे वागळे इस्टेटमध्ये चहाच्या टपरीवर दिसायचा. मला बघितलं की ‘बाई’ म्हणून हातातलं काम टाकून उभा राहायचा. तो उभा राहिला की मला मान वर करवत नसे.

हे झालं क्लासच्या फलकाचं. बाळाच्या फलकाची गोष्ट मात्र जरा लांबून सांगावी लागेल.

वागळे इस्टेटचं जुनं रूप आता नव्या मंडळींना खरं वाटणार नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा कारभार १ ऑगस्ट १९६२ रोजी सुरू झाला तो इथूनच. मी लग्न होऊन इथे आले १९७३ साली. तेव्हा तीन पाळ्यांचे भोंगे, सायकलींचे लोंढे, कारखान्यांचा तो तेलकट वास आणि किसननगरच्या दोन खोल्यांत आम्ही सातजण. आमचे ‘हे’ आणि मोठे दीर, दोघेही इथल्याच कारखान्यांत. थोरल्या जाऊबाईंना आम्ही सगळे वहिनी म्हणत असू. त्यांचं लग्न १९६७ सालचं. मूल नव्हतं.

त्या काळी मूल नसणं म्हणजे काय, हे माझ्या वयाच्या वाचकांना ठाऊक आहे. हळदीकुंकवाला ओटी भरताना हात आखडायचे. डोहाळजेवणाला बोलावणं यायचं, पण उशिरा, म्हणजे कार्यक्रम उरकल्यावर. नवस झाले, सोमवार झाले, कोणाकोणाचे अंगारे झाले. माझी दोन्ही मुलं वहिनींच्या मांडीवर वाढली. मी शाळेत जायची तेव्हा त्याच त्यांची आई होत्या. पण ‘तुला काय कळणार, तुला कुठे मूल आहे’ हे वाक्य आमच्या सासूबाईंच्या तोंडून मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे, आणि तेव्हा मी गप्प बसले हेही इथे लिहून ठेवते.

पुढे तपासण्या झाल्या. दोन्ही बीजवाहक नळ्या बंद. बहुतेक लहानपणीच्या क्षयामुळे, असं डॉक्टर म्हणाले. आपल्याकडे हे कारण दुर्मिळ नाही. क्षय फक्त फुफ्फुसाचा असतो असं आपण समजतो, पण तो गर्भाशयात आणि नळ्यांत शिरतो, काही दुखत-खुपत नाही, आणि लग्नानंतर मूल होईना म्हणून तपासणी झाली की तेव्हा सापडतो. बीज एका बाजूला, गर्भाशय दुसऱ्या बाजूला आणि मधला रस्ताच बंद. तेव्हाच्या डॉक्टरांनी हात टेकले.

आणि मग १९८६चा ऑगस्ट आला.

६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात हर्षा चावडा नावाची मुलगी जन्माला आली. ‘भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी’ म्हणून सगळी वर्तमानपत्रं भरून गेली. केईएमच्या डॉ. इंदिरा हिंदुजा आणि जवळच असलेल्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या चमूचं हे काम. हिंदुजाबाई सिंधमधल्या शिकारपूरच्या, फाळणीत इकडे आलेल्या कुटुंबातल्या. यातली एक गोष्ट मला आजही महत्त्वाची वाटते. हे घडलं ते पंचतारांकित इस्पितळात नव्हे, तर मुंबई महानगरपालिकेच्या रुग्णालयात. ज्या केईएमच्या ओपीडीत गिरणगावातली, चाळींतली माणसं केसपेपर काढून रांगेत उभी राहतात, तिथे.

दुसऱ्याच दिवशी मी आठवीच्या वर्गात ती बातमी वाचून दाखवली. आनंदाने माझा आवाज चढला होता. ‘विज्ञान : शाप की वरदान’ हा निबंध घातला. (मराठीच्या बाईंकडून दुसऱ्या कसल्या निबंधाची अपेक्षा करणार!) पन्नास वह्या घरी घेऊन आले आणि रात्री कंदिलासारख्या मिणमिणत्या बल्बखाली तपासत बसले. पन्नासच्या पन्नास मुलांनी ‘वरदान’ लिहिलं होतं. वहिनी शेजारी भाजी निवडत होत्या. त्या जेमतेम चौथी शिकलेल्या. म्हणाल्या, “ती बातमी परत वाच बघू.” मी वाचली. “नळ्या बंद असल्या तरी चालतं म्हणतेस?” म्हटलं, “त्यासाठीच तर आहे हे.”

आठवडाभराने आम्ही दोघी ठाण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांना या विषयाची चांगली माहिती होती आणि स्वभाव सरळ. त्यांनी आधी वय विचारलं. एकोणचाळीस. मग त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. इंजेक्शनं घ्यावी लागतील. भूल देऊन बीज काढावं लागेल. बाहेर काचेच्या बशीत फलन करायचं आणि मग आत सोडायचं. (नाव टेस्ट ट्यूब असलं तरी प्रत्यक्षात नळी नसतेच, पसरट बशी असते.) आणि एवढं सगळं करून शंभर बायकांत दहाजणींना मूल झालं तरी पुष्कळ झालं, तुमच्या वयाला त्याहूनही कमी.

वहिनींनी विचारलं, “मग राहिलेल्या नव्वदजणींचं काय होतं?”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “त्या घरी जातात.”

परतीच्या बसमध्ये वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. किसननगरचा स्टॉप आला तेव्हा म्हणाल्या, “तुझ्या पेपरात त्या एकीचाच फोटो होता गं.” त्यानंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही.

‘राहिलेल्या नव्वदजणींचं काय’ हा प्रश्न माझ्याकडे तेव्हापासून आहे. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तसं या विषयावरचं मिळेल ते वाचत गेले. आणि लक्षात आलं की या शास्त्राचा सगळा इतिहासच पटावर कोण आणि पटाबाहेर कोण, याचा आहे.

जगातली पहिली अशी मुलगी लुईझ ब्राऊन, जन्म २५ जुलै १९७८, इंग्लंडमधलं ओल्डहॅम. तिची आई लेस्ली हिच्याही दोन्ही नळ्या बंद होत्या, वहिनींसारख्याच. नऊ वर्षं प्रयत्न चालले होते. शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स, डॉक्टर पॅट्रिक स्टेप्टो आणि प्रयोगशाळा सांभाळणारी परिचारिका जीन पर्डी, असे हे तिघे. १९७१ साली तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांना पैसे नाकारले, तरी ते काम करत राहिले. हे आपण वाचलेलं असतं. पण त्यांच्या जुन्या वह्या पुढे अभ्यासकांनी तपासल्या तेव्हा जे आकडे आले ते असे. १९६९ ते १९७८ या काळात त्यांच्याकडे २८२ बायका आल्या. ११२ वेळा भ्रूण आत सोडला गेला. गर्भधारणा झाली पाच वेळा. त्यातली पहिली गर्भाशयाबाहेरच, नळीत रुजली. ती काढून टाकावी लागली. जिवंत मुलं जन्मली दोन. लुईझ, आणि जानेवारी १९७९ मध्ये ग्लासगोला एक मुलगा.

२८२ बायका आणि दोन मुलं! बाकीच्या दोनशे ऐंशीजणींनी पोटाला छिद्र पाडून दुर्बीण घालू दिली, भूल घेतली, वाट बघितली आणि त्या घरी गेल्या. त्यांच्यावर केलेल्या प्रयोगांतूनच कुठल्या वेळी बीज काढायचं, कुठल्या द्रावणात ठेवायचं, कुठली औषधं घातक ठरतात हे कळत गेलं. लुईझ ज्या पायऱ्या चढून आली त्या पायऱ्या या बायका होत्या. लेस्लीबद्दल असंही लिहिलं गेलं आहे की आपल्याआधी या मार्गाने एकही मूल जन्मलेलं नाही हे तिला ठाऊकच नव्हतं. तिला वाटत होतं, झाली असतील पुष्कळ. म्हणजे पहिल्याच खेपेपासून आकडा सांगणाऱ्याला माहीत होता आणि ऐकणारीला नव्हता.

एडवर्ड्स यांना नोबेल मिळालं २०१० साली. तोपर्यंत पर्डी (१९८५) आणि स्टेप्टो (१९८८) दोघेही गेलेले. नोबेल मेल्यावर देत नाहीत. हाही एक पट आहेच.

आता कलकत्त्याची गोष्ट. ही सांगताना मला नेहमी गलबलून येतं.

लुईझच्या जन्मानंतर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कलकत्त्यात एक मुलगी जन्मली. ती नवरात्राच्या दिवसांतली, म्हणून तिला दुर्गा म्हणू लागले. डॉ. सुभाष मुखोपाध्याय हे तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातले प्राध्यापक. त्यांनी, अतिशीतन तंत्राचे जाणकार सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य यांच्या मदतीने हे केल्याचं जाहीर केलं. आणि पद्धत बघा. इंग्लंडमध्ये निसर्गतः महिन्याला जे एक बीज तयार होतं तेवढंच वापरलं होतं. मुखोपाध्यायांनी संप्रेरकांची इंजेक्शनं देऊन एकाहून जास्त बीजं तयार करवली. भ्रूण गोठवून ठेवला आणि शरीर शांत झाल्यावर, पुढच्या पाळीच्या चक्रात आत सोडला. गोठवलेल्या भ्रूणातून मूल जन्मल्याची जगाने मान्य केलेली पहिली घटना ऑस्ट्रेलियातली, १९८४ सालची. आज इंजेक्शनं देऊन बीजं वाढवणं आणि भ्रूण गोठवणं हे सगळीकडे रोजचं झालं आहे.

पण तेव्हा कोणी विश्वास ठेवला नाही. राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष भौतिकशास्त्रातले होते, आणि या विषयात स्वतः काम केलेलं समितीत कोणी नव्हतं. दावा खोटा ठरवला गेला. जपानमध्ये जाऊन आपलं काम मांडायला त्यांना परवानगी मिळाली नाही. दुर्गाच्या घरच्यांना बोभाटा नको होता, म्हणून साक्षीला मुलगीही पुढे आणता येईना. बदल्या होत गेल्या. शेवटची बदली तर नेत्रविज्ञानाच्या संस्थेत! प्रजननाच्या अभ्यासकाला डोळ्यांच्या इस्पितळात पाठवलं. १९ जून १९८१ रोजी त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. वय पन्नास. तपन सिन्हांचा ‘एक डॉक्टर की मौत’ हा १९९०चा सिनेमा काहींनी पाहिला असेल, त्याला प्रेरणा या आयुष्याची.

म्हणजे पाहा, १९८६ साली मी वर्गात ‘भारतातली पहिली’ म्हणून उर भरून जे वाचलं, त्याच्या आधी आठ वर्षं एक मुलगी जन्मून दुसरी-तिसरीत गेलेली होती. फक्त ती पटावर नव्हती.

आणि ती पटावर आली कशी? तर परळच्या त्याच डॉ. आनंद कुमारांमुळे. १९९७ साली ते कलकत्त्याला एका परिषदेसाठी गेले. तिथे मुखोपाध्यायांची टिपणं आणि कागदपत्रं त्यांच्या हाती आली. ती त्यांनी बारकाईने तपासली, दुर्गाच्या घरच्यांशी बोलले आणि त्याच वर्षी ‘करंट सायन्स’ या आपल्या बंगळुरूच्या नियतकालिकात लेख लिहून सांगितलं की भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार मी नव्हे, सुभाष मुखोपाध्याय आहेत. मंडळी, पस्तीस वर्षांत मी कित्येक मुख्याध्यापक पाहिले. आपल्या शाळेचा पहिला नंबर स्वतः होऊन दुसऱ्या शाळेला देणारा एकही पाहिला नाही. दुर्गा, म्हणजे कनुप्रिया अग्रवाल, २००३ साली, पंचविसाव्या वाढदिवशी, स्वतः जगापुढे आली.

हर्षाची थोरवी यामुळे कमी होत नाही. केईएममधलं प्रत्येक पाऊल कागदावर नोंदलेलं होतं, म्हणून ते काम पुढच्या डॉक्टरांना वापरता आलं. भारतातली शास्त्रीय नोंद असलेली पहिली मुलगी हर्षाच. २०१६ साली तिला मुलगा झाला, तोही हिंदुजाबाईंच्याच हातून, आणि गर्भधारणा अगदी नैसर्गिक. ‘अशा मुलींना पुढे मुलं होतील का’ ही शंका लोक वर्षानुवर्षं कुजबुजत होते. तिला परस्पर उत्तर मिळालं. लुईझ तर २००६ सालीच आई झाली होती.

आता आजचं. जगात या मार्गाने जन्मलेल्या मुलांची संख्या एक कोटीच्या वर गेली आहे. आमच्याच इमारतीत असा एक मुलगा आहे, सहावीत. मला आजी म्हणतो आणि शुद्धलेखनाच्या चुका करून माझं डोकं खातो. त्याची आई माझी विद्यार्थिनी. त्या घरातला आनंद मी जवळून बघते, तेव्हा या उपचारांच्या विरुद्ध माझ्याकडून एक अक्षर निघणार नाही. मला बोलायचंय ते फलकावरच्या आकड्याबद्दल.

गणिताच्या सोयीसाठी समजा, शंभरजणींनी उपचार सुरू केले. (हे आकडे मी मनाने धरलेत, फक्त हिशेब दाखवायला.) दहाजणींची बीजं नीट वाढलीच नाहीत. पंधराजणींचे भ्रूण तयार झाले नाहीत किंवा टिकले नाहीत. पंचाहत्तरजणींच्या गर्भाशयात भ्रूण सोडला. त्यातल्या पस्तीसजणींची रक्ततपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली. पुढे काहींचा गर्भ पडला, एखादीचा नळीत रुजला. शेवटी सत्तावीसजणी बाळ घेऊन घरी गेल्या. आता यशाचा दर किती? पंचाहत्तरात पस्तीस म्हटलं तर सत्तेचाळीस टक्के होतात. शंभरात सत्तावीस म्हटलं तर सत्तावीस. दोन्ही उत्तरं बरोबर. तरुण, सोप्या रुग्णांनाच घ्यायचं आणि चाळिशीच्या बायकांना ‘तुम्ही दुसरीकडे जा’ म्हणायचं, हा झाला सतरा नंबरचा फॉर्म. त्याने आकडा आणखी वाढतो.

इंग्लंडमध्ये या उपचारांची प्रत्येक नोंद १९९१ पासून सरकारी प्राधिकरणाकडे सक्तीने जाते, म्हणून तिथले आकडे विश्वासाचे. २०२२ सालचा त्यांचा हिशेब सांगतो की १८ ते ३४ वयाच्या बाईला, आत सोडलेल्या दर भ्रूणामागे मूल होण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. ४३-४४ व्या वर्षी स्वतःचं बीज वापरलं तर ती सुमारे ५ टक्के. म्हणजे तिथेही, तरुण बाईलासुद्धा, एका खेपेत ‘नाही’ हेच उत्तर येण्याचा संभव जास्त. दोन-तीन खेपांत मिळून शक्यता वाढते हे खरं, पण प्रत्येक खेपेचं शरीर, पैसा आणि मन वेगळं मोजावं लागतं. वयाला औषध नाही, कारण बाईची बीजं तिच्या जन्मापासूनच तिच्याबरोबर असतात आणि तिच्याबरोबरच म्हातारी होतात.

धोक्यांबद्दलही थोडं. इंजेक्शनांनी अंडाशय प्रमाणाबाहेर उत्तेजित झाले तर पोटात पाणी साठतं, धाप लागते. बहुतेकींना सौम्य त्रास होतो, पण थोड्यांना इस्पितळात दाखल व्हावं लागतं आणि क्वचित जिवावर बेतू शकतं. दुसरा मोठा धोका जुळ्या-तिळ्यांचा. यश वाढावं म्हणून एकाच वेळी दोन-तीन भ्रूण सोडायची पद्धत होती. जुळं म्हटलं की आपल्याकडे ‘एका दमात दोन’ म्हणून पेढे वाटतात. पण अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची बाळं काचेच्या पेटीत ठेवावी लागतात आणि आईचा रक्तदाब वाढतो. इंग्लंडमध्ये १९९०च्या दशकात या उपचारांतल्या सुमारे २८ टक्के बाळंतपणांत एकाहून जास्त मुलं असत. ‘एका वेळी एकच’ असा आग्रह धरल्यावर २०१९ पर्यंत ते प्रमाण ६ टक्क्यांवर आलं, आणि एकूण यश काही कमी झालं नाही.

आता घरातलं. माझी भाची डोंबिवलीला असते. २०१६ ते २०१९ या काळात तिने तीन खेपा केल्या. केंद्राचं नाव लिहीत नाही. पहिल्या भेटीत तिला सांगितलं होतं, “आमचा यशाचा दर सत्तर टक्के.” पहिली खेप गेली. दुसऱ्या खेपेला रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली. तिथल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या, आम्ही देवापुढे साखर ठेवली. सातव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोका दिसला नाही. तिसऱ्या खेपेनंतर नवरा-बायकोने थांबायचं ठरवलं. साठवलेले पैसे संपले होते आणि डोंबिवली-सीएसटी लोकलमध्ये सकाळी पोटात इंजेक्शन घेऊन उभं राहायची ताकदही. पुढे कधीतरी तिने सहज विचारलं की त्या सत्तर टक्क्यांत आपण कुठे. तिला कळलं की दुसरी खेप त्यांच्या हिशेबात ‘यश’ म्हणून धरलेली होती! कारण तपासणी पॉझिटिव्ह होती ना.

हे लिहू का, असं मी तिला विचारलं. म्हणाली, “लिही मावशी. फक्त ‘तिने हिंमत हरली नाही’ वगैरे लिहू नकोस. हरले होते मी. दोन वर्षं गेली सावरायला.”

आपल्याकडे कायदा झाला तो २०२१ च्या डिसेंबरात, आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. आता प्रत्येक केंद्राला नोंदणी सक्तीची आहे. बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ अशी मर्यादा आहे. २०१९ साली आंध्रातल्या गुंटूरला सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंना जुळ्या मुली झाल्या, ती बातमी तुम्ही वाचली असेल. मी जवळजवळ त्याच वयाची आहे. मला रात्री दोनदा उठून पाणी प्यायचं तर भिंतीला धरून जावं लागतं. तेव्हा या मर्यादेबद्दल मला तक्रार नाही. कायद्यातली दुसरी एक तरतूद मात्र फारशी कोणी सांगत नाही. उपचाराआधी यशाची शक्यता, फायदे-तोटे, खर्च, दुष्परिणाम आणि जुळ्या-तिळ्यांचा धोका हे सगळं जोडप्याला समजावून सांगणं केंद्रावर बंधनकारक आहे. शिवाय देशभराची नोंद एका राष्ट्रीय नोंदवहीत व्हायची आहे. म्हणजे पट एकच, आणि त्यातून नाव गाळायचं नाही.

म्हणून, तुमच्या घरातलं कोणी अशा केंद्रात जाणार असेल तर त्यांच्याबरोबर तीन प्रश्न पाठवा. तुमचा दर कशाचा, तपासणीचा की घरी गेलेल्या बाळांचा? तो किती बायकांत, सुरुवात केलेल्या की भ्रूण सोडलेल्या? आणि माझ्या वयाच्या बायकांत किती? आकडा ऐकून वाईट वाटेल कदाचित. पण ठाण्यातल्या त्या डॉक्टरीणबाईंनी सरळ आकडा सांगितला म्हणून वहिनींना स्वतःचा निर्णय स्वतः घेता आला. त्यांनी तो घेतला आणि शेवटपर्यंत त्याबद्दल कुरकुर केली नाही. भाचीला ती संधी मिळाली नाही.

आणखी एक मनात येतं. जे तंत्र आपल्याकडे पालिकेच्या रुग्णालयात रुजलं, ते आज बहुतेक करून खासगी केंद्रांत एका खेपेला लाखाच्या पुढे पैसे मोजून मिळतं. गोव्यात २०२३ साली बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात हे उपचार मोफत सुरू झाले, ते वाचून बरं वाटलं. किसननगरच्या चाळीत आजही एखादी वहिनी असेलच की.

आमच्या वहिनी २०११ साली गेल्या. अग्नी माझ्या धाकट्याने दिला. गुरुजींनी विचारलं, “आपण कोण?” तो म्हणाला, “मुलगा.” कोणी त्याला दुरुस्त केलं नाही. मीही नाही.

असो. हे वाचणाऱ्या नातेवाईक मंडळींना शेवटी एक विनंती. मेमधल्या लग्नात भाची भेटेल. तिला ‘मग, काही विशेष?’ असं विचारू नका. ‘अजून एकदा करून बघ, आमच्या शेजारणीला चौथ्या वेळी झालं’ हेही नको. त्या शेजारणीबरोबर आणखी कितीजणी होत्या ते तुम्हाला माहीत नसतं. त्यापेक्षा तिने गच्चीवर कुंड्यांत लावलेल्या भाज्यांबद्दल विचारा. यंदा तिच्याकडे पडवळ लागलंय. ती तासभर बोलेल, आणि निघताना तुम्हाला बीही देईल.